लुगप्पाचं पान

चुन्यात बोटं बुडवून नीलाबाई खाली बसली, तर शेतातल्या कडब्याच्या कोपीत पाचच दगड. धर्मराजापासून सहदेवापर्यंत पाची पांडव पूर्वेकडं तोंड करून बसलेले, अंगाला अजून ओढ्याची माती. सहाव्याच्या जागेवर धाकट्या जावेनं, पुनमनं, आंबिलीचं बिंदगं, ते मोठं मडकं, टेकवून ठेवलं होतं. जणू तिथं कधी काही नव्हतंच.

सहावा दगड ओढ्यातून आणायचा नसतो. तो माळावरून आणायचा, लुगप्पाच्या मातीवरून, आणि सांज झाली की परत तिथंच नेऊन ठेवायचा. आजेसासू शांतम्मानं हे सासूच्या, विठाबाईच्या, हाती दिलं आणि विठाबाईनं नीलाबाईच्या. दोघीही आता नाहीत. नीलाबाई उठली, पदर खोचला आणि माळाकडं निघाली.

"वैनी, कुठं निघालाव?" कोपीच्या कडब्याला दोरी आवळता आवळता पुनमच्या नवऱ्यानं, वैजनाथनं, विचारलं.

"एक दगड राहिलाय."

"यंदा पाचच. सगळ्या गावात पाचच असतेत." त्यानं गाठ मारली, हात झटकले. "उद्या सकाळी जेसीबी येतंय. माळ सपाट झाल्यावर दगड कुठला आणणार हाव तुमी? मग आजपासूनच मोडलेलं बरं."

येळवशीचा, वेळा अमावस्येचा, दिवस. चिंचगुंडीच्या घराघराला कड्या पडलेल्या आणि सगळं गाव शेतात उतरलेलं. ज्वारी कणसात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, करडईच्या काट्यांतून पिवळं डोकावू लागलेलं. असल्या दिवशी कुणी आवाज चढवत नाही. नीलाबाईनंही चढवला नाही. माळाच्या कडेपर्यंत पाइपलाइन आलीय हे तिला ठाऊक होतं, वैजूभावजींच्या डोक्यात ऊस घोळतोय हेही. पण उद्याच, आणि तिला न सांगता, हे मात्र ठाऊक नव्हतं.

"कुणाला इचारलं?"

"इचारायचं काय त्यात? आज आबा वाटण्या बोलणार. हिरीची काळी तुमाला, ते ठरल्यालंच हाय. वढ्याची पट्टी आन माळ आमी दोघं भाऊ बघून घेऊ. तुमाला कशाची फिकीर?"

खरंच कशाची नव्हती. या घरात थोरल्या पातीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या घरानं, आपला वाटा आधी उचलायचा, ही रीत. नीलाबाईचा नवरा बसवंत थोरला. तो गेल्यावर तो मान तिच्याकडं आला. आणि विहिरीजवळची काळी जमीन बसवंतनंच घडवलेली. विहीर त्यानं स्वतः उतरून खोदली होती, तिच्या दगडावर त्याच्या पहारीचे वण अजून दिसत. तिनं काळी उचलावी हे इतकं उघड होतं, की कुणी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

ती माळावर गेली, बाभळीखालच्या उंचवट्यावरचा दगड उचलला आणि पोटाशी धरून आणला. बिंदगं बाजूला सरकवलं. सहाही जणांना चुना लावला, काव लावली. पुनम बघत होती. तिनं तोंड वाकडं केलं, पण पत्रावळी मांडताना एक पान सवयीनं जास्तीचं मांडलं गेलंच.

धाकटा दीर रामलिंग लातूरच्या कॉलेजात शिकवायचा. तो आबांना गाडीतून घेऊन आला तेव्हा नीलाबाईला धीर आला. गेल्या साली यानंच माळाचे फोटो काढले होते. इथं फलक लावू, पोरांना सहलीला आणू, म्हणाला होता. तिनं त्याला बाजूला घेऊन जेसीबीचं सांगितलं. तो बुटाच्या टोकानं ढेकूळ फोडत राहिला.

"वहिनी, आधी जेवू. मग बोलतो," तो म्हणाला. आणि तिला कळलं, की हाही तिकडं गेलाय.

आबांनी, म्हणजे सासरे ग्यानोबांनी, कोपीपुढं वाकून नमस्कार केला. नव्वदीचं अंग, पण वाकताना कुणाचा हात घेतला नाही. सहाही दगड नीट बघितले. नैवेद्य झाला. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आंबिलीचा वास सगळ्या शेतावर पसरला तसा बांधावरून मडिवाळप्पा आला. त्याला बोलावणं लागत नाही. या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात, तो तर गावचाच. त्याच्या आज्यानं माळावरच्या कैद्यांच्या छावणीचे कपडे धुतले होते, म्हणून तो दरवर्षी सहाव्या दगडाजवळच पान घ्यायचा.

"लुगप्पाला वाढलं का आधी?" त्यानं विचारलं.

"वाढलं," नीलाबाई म्हणाली. "घ्या तुमी."

"कोण हा लुगप्पा?" शिवांगीनं विचारलं, तेही थोडं मुद्दामच. नीलाबाईची लेक नांदेडला दवाखान्यात कामाला, रक्त-लघवीच्या तपासण्या करायची. तिनं ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, पण आज ती सगळ्यांसमोर यायला हवी होती, निदान उद्या मोडायच्या आधी. ती आईच्या बाजूनं बोलतेय की काकांच्या, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

मग पंगतीत माळ जागा झाला. वैजनाथ म्हणाला, जर्मन होते, गावात अजून जर्मन माळच म्हणतात. रामलिंग म्हणाला, जर्मन नव्हे, इटलीचे. लढाईत इंग्रजांनी धरलेले शिपाई. आबा म्हणाले, आम्हाला काय कळत होतं, गोरा दिसला की जर्मन. उदगीरच्या ठेसनावरून पायी आणलं त्यांना. पुढं घोड्यावरचे, मागं बंदूकवाले, आणि मधी ही माणसं, पायाला फोड आलेली. बायका दारं लावून फटीतून बघत होत्या. मडिवाळप्पा म्हणाला, पत्र्याच्या लांब लांब खोल्या, भवती काटेरी तार. तारेच्या आत त्यांनी टमाटे लावले. आपल्या गावानं टमाटा त्यांच्याकडं पहिल्यांदा बघितला आणि विषाचं फळ म्हणून वर्षभर कुणी तोंडात घातला नाही.

"कपड्याच्या पाठीवर काळं ठिगळ असायचं," मडिवाळप्पा म्हणाला. "आमच्या आज्याला वाटायचं, फाटल्यावर शिवलंय. एकदा त्यानं चांगुलपणानं उसवून काढलं, तर गोऱ्या सायबानं छडी मारली. पळायला लागला तर गोळी कुठं घालायची ते कळावं म्हणून ते ठिगळ."

कुणाच्या तरी हातातला उंडा तसाच राहिला.

लुगप्पाचं सगळ्यांना ठाऊक होतं तेवढंच आबांनी पुन्हा सांगितलं. त्याचं खरं नाव लुईजी की काय होतं; शांतम्मा बिदरकडची, कानडी मुलखातली, तिनं त्याला अप्पा लावून आपल्यात ओढला. चर खोदायला पहाऱ्याचा शिपाई त्याला याच शेताच्या कडेला आणायचा. येळवशीला शांतम्मानं कोपीतून हाक मारली. शिपायालाही मारली आणि त्यालाही. शिपाई नको म्हणत होता. ती म्हणाली, आजच्या दिवशी माझ्या शेतावरनं उपाशी जाणारा माणूस आन जनावर, दोन्ही मला पाप देऊन जातात. मग दोघं बसले. लुगप्पानं आंबील पिली, मडकं हातात धरून बघत बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. जाताना सूर्याकडं बोट केलं, हात गोल फिरवला आणि मडक्यावर ठेवला. पुढल्या साली येतो.

पुढली येळवस यायच्या आत तो तापानं गेला. बाभळीखाली त्याला पुरलं. आपल्यातही जाळत नाहीत, मातीच देतात, म्हणून शांतम्माला त्याचं भय वाटलं नाही. त्या साली कोपीत पहिल्यांदा सहा दगड बसले, आणि जात्यावर तिच्या तोंडी बसलेली ओवी सुनेच्या, मग नातसुनेच्या तोंडी आली:

माळाच्या तारंमंदी किती लेकुरं कोंडली
कुण्या माउलीनं दूर चूल सांजंला मांडली

सांगून गेला पावना, येतो पुढल्या येळला
वाट बघते मी बाई, उन्हं कलत्या वेळला

नीलाबाईनं ती म्हटली नाही. म्हणायची वेळ नव्हती. पण तिचे ओठ हलले, ते पुनमनं बघितलं.

हात धुवून झाल्यावर रामलिंगनं घसा साफ केला. वर्गात बोलावं तसं, कुणाकडंच न बघता तो बोलू लागला. त्याला वहिनींचं मन दुखवायचं नव्हतं. त्यालाही माळाबद्दल वाटायचं. पण खरं ते खरं. लढाई संपल्यावर काही वर्षांनी त्या देशानं आपली माणसं गोळा केली. इथंही लोक आले होते. सकाळी गाडीत त्यानं आबांना सरळ विचारलं होतं आणि आबांनी सरळ सांगितलं होतं.

"बाभळीखाली कुणी नाही, वहिनी. हाडं केव्हाच उकरून नेलीत. ती माती रिकामी आहे."

ज्वारीत पाखरं उठली आणि बसली. नीलाबाईनं सासऱ्याकडं बघितलं. तिनं या मातीवर किती दिवे ठेवले होते. बसवंत गेला त्या साली, घरात सुतक असतानाही, ती एकटी येऊन पान ठेवून गेली होती. सासूनं सांगितलं होतं म्हणून. सासूला तरी ठाऊक होतं का?

"हाव," आबा म्हणाले. "नेली. पोलीस ॲक्शनच्या नंतरचं हाय. मोटार आली, दोघंचौघं उतरले. पेटी आणली व्हती. मी हितंच उभा व्हतो."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तू इचारलं न्हाईस, बाय."

वैजनाथनं सुस्कारा सोडला. त्याला या म्हाताऱ्याकडून एवढी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं. तो आता गोड झाला. वैनी, तुमच्या भक्तीला माझा नमस्कार हाय, म्हणाला. पण रिकाम्या भुईला कुणी निवद दाखवतं का? उद्या ऊस उभा राहिला तर त्याच भुईचं सोनं होईल. शिवांगीनंही मान डोलावली. आई, काका चुकीचं बोलत नाहीयेत, ती हळूच म्हणाली.

नीलाबाईला वाटलं, आपल्या पायाखालचं काहीतरी काढून घेतलं. मग तिनं विचारलं, आणि ते फक्त आबांना:

"मोटार गेली त्याच्या पुढच्या येळवशीला थोरल्या आत्यानं काय केलं? शांतम्माआत्यानं?"

आबांनी बटव्यातली सुपारी हातात घेतली. त्यांना आठवावं लागलं नाही, ते आठवणीतच बसले होते.

"सहा मांडले. माजा बाप म्हणला, अगं, नेलं त्याला, आता कुणाला वाढतीस? तर आई म्हणली," आणि आबांचा आवाज एकदम कानडी वळणाचा, बाईमाणसाचा झाला, "मी काय हाडाला जेवायला बोलावलं व्हतं का?"

मडिवाळप्पा हसला आणि मग त्याचं हसू कुठंतरी गेलं.

"म्हणली, तो येतो म्हणलाय. हाडं गेली तर बरंच झालं, त्याच्या आईजवळ गेली. पर सबूद हितं दिलाय त्यानं, ह्या जागी. तो न्यायला मोटार न्हाई आली." आबांनी हातातली सुपारी फोडली. "झालं. वाटण्या बोलू आता. ऊन उतरायलंय."

तीन वाटे त्यांनी बोटांनी दाखवले. विहिरीची काळी. ओढ्याची पट्टी. आणि रस्त्याकडचा तुकडा धरून माळ. कागद नव्हता, तलाठी नव्हता. ते पुढं होईल. या घरात वाटणी आधी शेतात, तोंडानं, आणि पांडवांच्या समोर होते. त्यानंतर ती फिरवायची नसते.

"थोरली पात. बोल, नीलाबाई."

"माळ," ती म्हणाली.

वैजनाथला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. रामलिंगनं चष्मा काढला. पुनमच्या हातातलं भगुणं खाली टेकलं.

"वैनी, डोकं ठिकाण्यावर हाय का?" वैजनाथ उभाच राहिला. "माळात काय खाल, दगडं? आन लोक माज्या तोंडात शेण घालतील. म्हणतील, रांडमुंड भावजयीला दगडं दिली आन हिरीचं पाणी ह्यानं लाटलं. मी गावात कसा हिंडू?"

हे मात्र त्याचं खरं होतं. ऊस त्याला हवा होता, पण असा नाही. आणि ते त्याच्या आवाजात आलं. नीलाबाईला त्या क्षणी हा दीर इतक्या वर्षांत आवडला नव्हता तेवढा आवडला.

"लोकांला सांगा, वैनीनं मागून घेतला. मडिवाळप्पा ऐकायलेत की. अर्ध्या गावाला तेच सांगतील."

"मी सांगतो," मडिवाळप्पा म्हणाला. "अर्ध्याला कशाला."

"आन खायचं काय?"

"करडई येती तिथं. जवस येतो. दगडं मी आजवर बी येचलीच की, तुमच्या रानातली. आता माज्या रानातली येचीन."

"आन जेसीबी?"

"माज्या वाट्यात जेसीबी कोण आणील, भावजी?"

सुपारीचं खांड गालात धरून आबा पुढच्या पातीकडं, वैजनाथकडं वळले. म्हणजे पहिली उचल झाली, मामला मिटला. वैजनाथ कितीतरी वेळ विहिरीकडं बघत होता. मग म्हणाला, "काळी," आणि मान खाली घातली. रामलिंगच्या वाट्याला ओढ्याची पट्टी आली. त्याला बिचाऱ्याला कोणताच तुकडा कसायचा नव्हता.

शिवांगी मात्र कोपीमागं निघून गेली होती. नीलाबाई तिच्यामागं गेली. लेक रडत नव्हती. तिला राग आला होता, आणि तो रागच बोलत होता.

"ती विहीर बाबांनी खोदली, आई. तू दोर धरला होतास. मी टोपलीतली माती खेळायला घ्यायचे. आणि तू ती एका... कोण कुठला माणूस, त्याच्यासाठी सोडून दिलीस. तेही रिकाम्या जागेसाठी. मला एकदा विचारायचं तरी."

लेकीचा मुद्दा नीलाबाईला पटत होता आणि तो पटलेला तिनं लपवला नाही.

"इचारायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "इचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस, आन मला तुझं ऐकावं लागलं असतं. म्हणून न्हाई इचारलं."

"मग?"

"हिरीला माणूस लागत न्हाई, शिवे. पाणी हाय तवर तिला सगळे इचारणार. भावजी गाळ काढतील, पंप बसवतील, तुज्या बापाचं नाव घेऊन नारळ फोडतील. तिला मी नसले तरी चालतं. त्या माळाला माज्याबिगर कुणी हाय का सांग. आज मी सोडला तर उद्या दुपारपर्यंत तो नसंल."

"पण तो येणार नाहीये, आई. कुणीच येणार नाहीये."

"आपण कुठं त्याला यायला लावतोय? आपण पान मांडतो. यायचं न यायचं त्याचं तो बघंल."

शिवांगीनं तोंड फिरवलं. पटलं नव्हतं. नीलाबाईनं पटवायचा यत्नही केला नाही.

उन्हं कलली. आता शेत शिंपडायची वेळ. घरचा गडी आंबिलीचं मडकं घेऊन, आंब्याच्या डहाळीनं थेंब टाकत, आपल्या शेताच्या कडेकडेनं फिरतो. ज्याचा फेरा त्याचं शेत. हे पुरुषाचं काम. बसवंतनंतर ते वैजनाथ करायचा, सगळ्या शेताभोवती एकदम, माळ मात्र सोडून. पडीक भुईला कोण शिंपडतं?

आज वैजनाथ काळीभोवती गेला. रामलिंगनं पँट वर करून ओढ्याकडची कड धरली. नीलाबाई बिंदग्यापाशी आली, तर पुनमनं त्यातली उरलेली आंबील लहान मडक्यात आधीच ओतून ठेवली होती. डहाळीही तिनंच मोडून आणली होती.

"भांडी मी बघते, आक्का," पुनम नवऱ्याकडं पाठ करून म्हणाली. "तुमी जावा. अंधार पडंल."

नीलाबाई माळावर चढली. पायाखाली मुरूम कुरकुरत होता. जुन्या खोल्यांच्या पायातले दगड गवतात अर्धे बुडालेले. तिनं रस्त्याच्या कोपऱ्यावर पहिला थेंब टाकला आणि तोंडातून ती हाक काढली, अर्धी कानडी, अर्धी आणखी कुठली, जिचा अर्थ गावात कुणालाच सांगता येत नाही:

"ओलगे ओलगे..."

पुढचं म्हणायला मागून कुणीतरी लागतं. मागं कुणी नव्हतं. तिनं डहाळी पुन्हा बुडवली आणि एकटीच चालू लागली. बाईचा आवाज शेतावर असा कधी ऐकलेला नव्हता. शेजारच्या रानांतली माणसं हातातलं टाकून बघू लागली. तिला ते कळत होतं. तिनं आवाज कमी केला नाही.

दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली असेल, तर पाठीमागून मुरूम वाजला. शिवांगी होती. पायातली चप्पल हातात घेतलेली, चेहरा अजून फुगलेला. तिनं आईच्या हातातलं मडकं काढून स्वतःच्या कडेवर घेतलं.

"सालम पोलगे," ती कुरकुरल्यासारखं म्हणाली.

नीलाबाईनं डहाळी बुडवली, झटकली. दोघी चालत राहिल्या. पुढं झुडपं दाट झाली, बांध असा काही दिसेना. माळाला कधी बांध घातलाच नव्हता कुणी.

"कुठपर्यंत जायचं?" शिवांगीनं विचारलं. "हद्द कुठाय आपली?"

नीलाबाई थांबली. समोर मातीतून एक गंजलेला लोखंडी खांब वर आलेला होता, पुढं तसाच दुसरा, आणि लांब उतारावर तिसरा.

"तार होती तिथवर," ती म्हणाली, आणि खांबाला वळसा घालून, त्याच्या पायाशी डहाळी झटकून, पुढच्याकडं निघाली.